हमीदभाईंचा सहावा दाणा

मागच्या दिवाळीत माझी नात ईशा मोबाइलवर बोटं फिरवत बसली होती. तिला गेम खेळायला कॉम्प्युटर जुळवायचा होता आणि प्रोसेसर काही ठरत नव्हता. मैत्रिणीशी फोनवर दोन तास खलबत चाललं होतं. मी शेजारी पालक निवडत होते. शेवटी राहवेना. म्हटलं, "ओव्हरक्लॉक करून लिहिल्यापेक्षा जास्त पळवणार असशील तर गुणकाला कुलूप नसलेला घे. आणि त्यावरचा कूलर घेताना पुण्याच्या हवेवर जाऊ नकोस. मे महिन्यात इकडं नांदेडला आणशील तेव्हा त्याचं काय होईल, ते बघ."

ईशानं मोबाइल बाजूला ठेवला.

"आजी, तुला हे कुणी सांगितलं?"

"आम्ही तीनशेचा साडेचारशेवर पळवायचो," मी पालकाची जुडी सोडवत म्हणाले.

खरं सांगायचं तर यातला 'आम्ही' फुकटचा आहे. पळवायचे हमीदभाई. मी स्टुलावर बसून वहीत आकडे लिहायचे आणि मधेमधे अक्कल शिकवायचे.

हमीदभाईंचं दुकान नांदेडच्या इतवाऱ्यात, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला तिरकं व्हावं लागेल अशा बोळात. वर पत्रा, खाली लाकडी फळी आणि फळीवर मांडी घालून हमीदभाई. उंच, पाठीत वाकलेले, मेंदीनं लाल केलेली दाढी. खिशात तीन स्क्रूड्रायव्हर आणि चौथा कानावर. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. "अहो, सगळ्या गावाचं दुरुस्त करता, स्वतःचा चष्मा तरी बदला," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "चालून राहिला ना बाई? मग?"

वडील घड्याळवाले. हमीदभाईंनी आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता कॉम्प्युटर धरला होता, पण पाटी अजून घड्याळाचीच. कुणी हसलं की म्हणायचे, "ह्याच्यातबी घड्याळच हाय की. सेकंदाला ठोके किती, तेवढाच फरक." गॅरंटी हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. गिऱ्हाईक फारच धरून बसलं तर म्हणायचे, "मी बसलोय की हितं."

धूळ उडवायला सायकलचा पंप. तोंडानं फुंकर मारू द्यायचे नाहीत. आमच्या भागातले एक पुढारी एकदा मशीन घेऊन आले आणि उघडल्याबरोबर त्यांनी आत फू केलं. हमीदभाईंनी हात जोडले. "साहेब, भाषणाची ओल आत जाती. पंप मारतो मी." पुढारी हसले म्हणून बरं.

त्यांची पुतणी माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्यांची 'बाई'. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, म्हणजे माणसाला सगळं कळतं त्या वयाची. शाळेत गणित शिकवायची. अंबाडा इतका घट्ट बांधायची, की भुवया वर ओढल्या जायच्या. मुलांना वाटायचं, बाईंना कायम कशाचं तरी आश्चर्य वाटतंय. मला कशाचंच वाटत नसे. पर्समध्ये खडू, घडीची छत्री आणि माझी मतं. तिन्ही कधीही बाहेर निघत.

लातूरच्या भूकंपाला सहा वर्षं झाली होती. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा लातूरच्या क्लासांशिवाय दुसरा विषयच नव्हता. कुणाचं पोरगं लातूरला कुठल्या क्लासला, कुणाला किती पडले, कुणाचं मेडिकलला लागलं. माझी अंजू दोन वर्षं लातूरला राहून बारावी झाली आणि मेडिकलला तीन मार्क कमी पडले. तीन! मी ठरवलं, रिपीट. पुन्हा लातूर, पुन्हा तीच खोली, रिपीटरांची बॅच.

अंजू हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. त्या दिवसांत ती कशालाच काही म्हणत नव्हती. एकदा वरणात मीठ घालायचं राहिलं, तर तिनं ताट निमूट संपवलं. आम्हाला पहिल्याच घासाला कळलं. अशा पोरीनं एके दिवशी तोंड उघडलं ते एवढ्यासाठी, "मला गेम खेळायला कॉम्प्युटर पाहिजे. चांगला."

मी गणितवाली. लगेच समीकरण मांडलं. कॉम्प्युटर तयार होऊन घरात आला, की त्यानंतरच्या पहिल्या बसनं लातूर. तिनं मान डोलावली. कॉम्प्युटर नांदेडला आणि पोरगी लातूरला, मग ती खेळणार कधी, हा प्रश्न शाळेतल्या 'ढ' मुलालाही पडला असता. मला पडला नाही. बॅचला नाव घालायची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती आणि आम्ही हमीदभाईंकडं गेलो तो वार सोमवार.

मी सगळं सांगितलं. समीकरण, शनिवार, तीन मार्क. हमीदभाईंनी ऐकून घेतलं आणि अंजूकडं बघून विचारलं, "काय खेळणार बेटा?"

"गाड्यांची शर्यत."

"मग वळणावर चित्र अडकून चालणार न्हाई." त्यांनी डब्यातून एक प्रोसेसर काढला. "हा तीनशेचा, म्हंजी सेकंदाला तीस कोटी ठोके. ह्याच्यात साडेचारचा गुणक हाय, त्याला कंपनीचं कुलूप. पण ज्या आकड्याला गुणायचं तो बोर्डावरून बदलता येतो. आता सहासष्ट हाय. शंभर दिला तर?"

"साडेचारशे," मी आणि अंजू एकदमच म्हणालो. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघी एकदम काही बोललो होतो.

"तीनशेच्या भावात साडेचारशे!" माझ्या भुवया आणखी वर गेल्या. "मग सगळे असंच का करत नाहीत?"

"कारण सगळे दाणे पळत न्हाईत." प्रोसेसरला ते दाणा म्हणायचे. "शिक्का एकच, पोटात येगळं. पळवल्याबिगर कळत न्हाई. हैदराबादहून आठ आणलेत. लावून बघू. जो टिकंल तो तुमचा. बाकीचे हाफिसात जातील, टायपिंग करतील."

आता या दाण्यांची परीक्षा. ती दुपारी तीनला सुरू व्हायची. मृग लागून गेला होता, आभाळात ढगाचं नाव नव्हतं आणि वरचा पत्रा असा तापायचा, की फळीवरच्या चहाला साय धरायची नाही. पंखा होता, तो हमीदभाई बंद करायचे. मी छत्रीनं वारा घेत म्हटलं, "सकाळी नाही का करता येत?"

"सकाळी सगळेच शहाण्यासारखे वागतात बाई."

दाणा बसवायचा, शंभराचा आकडा द्यायचा आणि अंजूनं तासभर गाडी पळवायची. हमीदभाई काही स्क्रीन बघायचे नाहीत. प्रोसेसरवरच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांना बोटांची उलटी बाजू लावायचे, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "एक, दो, तीन, चार..." दहापर्यंत बोट टिकलं तर ठीक. सातालाच काढावं लागलं तर दाणा उतरवायचा. थर्मामीटर का वापरत नाही, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "त्याला कुठं चटका बसतो?"

मी वहीत तक्ता आखला होता. नंबर, वेळ, किती मोजले, निकाल. पहिला दाणा विसाव्या मिनिटाला अडकला. गाडी हवेतच थांबली. मी लाल पेनानं लिहिलं, नापास. दुसरा चालूच होईना. नापास. तिसऱ्यालाही मी तेच लिहिलं, तेवढ्यात हमीदभाईंनी वही ओढून घेतली. चष्म्याची तार सावरत वाचली.

"हे काय लिहून राहिले बाई?"

"निकाल."

"हा नापास कुठं हाय? ह्याच्यावर कंपनीनं तीनशे लिहिलं, हा तीनशे पळतो. वर्षानुवर्षं पळंल. जास्तीचं आपण मागून राहिलो." आणि माझ्याच लाल पेनानं त्यांनी माझं 'नापास' तिन्ही ठिकाणी खोडलं. वीस वर्षांच्या नोकरीत माझी वही कुणी तपासली नव्हती. मला राग आला. अंजूनं मान खाली घातली, पण खांदे हलत होते. हसत होती कार्टी.

बुधवारी लाइट गेली. लाइट गेली की परीक्षा पहिल्यापासून, त्यामुळं वाट बघणं आलं. पत्र्याखाली आम्ही तिघं घाम पुसत बसलो. तेव्हा अंजू अचानक म्हणाली, "चाचा, लातूरच्या आमच्या खोलीत भिंतीला अजून भूकंपाची चीर आहे. घरमालकांनी वरून कॅलेंडर लावलंय. महिना बदलला की आम्ही बघायचो, वाढली का."

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत चार वेळा मी त्या खोलीवर गेले होते आणि दर वेळी त्याच कॅलेंडरवर परीक्षेच्या तारखा बघितल्या होत्या.

हमीदभाई म्हणाले, "मी गेलतो तिकडं, किल्लारीच्या अंगाला. पंधरा दिवस."

"काय करायला?"

"रेडिओ दुरुस्त करायला. हसू नका बाई. लोकांनी मातीतून पहिलं काय काढलं असंल तर भांडी आन् रेडिओ. पत्र्याच्या शेडात बसून लोक बातम्या ऐकायचे, आपल्या गावाचं नाव येतं का म्हणून. एक म्हातारबाबा आले. रेडिओत माती भरली होती. अर्ध्या तासात झाला. ते संध्याकाळी आले, 'झाला का?' मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणलं, 'न्हाई बाबा, उद्या या.' दुसऱ्या दिवशी आले, बसले, बोलले, गेले. असे चार दिवस."

"झालेला असून?" अंजूनं विचारलं.

"हाव."

"मग दिला कधी?"

"पाचव्या दिवशी ते येताना दुसऱ्या एका म्हाताऱ्याला संगं घेऊन आले. मग देऊन टाकला."

लाइट आली. हमीदभाईंनी पंपानं दोनदा फुसफुस केलं आणि काम पुढं सुरू.

शुक्रवारी सहावा दाणा बसवला. तीन वाजले, साडेतीन, चार. अंजूची गाडी वळणं घेत राहिली. हमीदभाईंचं बोट दहापर्यंत गेलं, बारापर्यंत गेलं. मी स्टुलावर डुलकी लागल्याचं सोंग घेतलं होतं. परीक्षेच्या हॉलवर हे सोंग फार कामाला येतं. डोळे मिटले, की पोरं मोकळी बोलतात आणि पकडली जातात.

अंजू हळूच म्हणाली, "चाचा, हा पण अडकला म्हणून सांगा ना."

"न्हाई अडकला तो."

"उद्याच्या पाचपर्यंत फक्त. मग सांगा सापडला म्हणून."

हमीदभाईंनी बोट पुन्हा दाण्यावर ठेवलं.

"त्या बाबांचा रेडिओ नव्हता का ठेवला तुम्ही?"

"त्यांच्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं बेटा. म्हणून ठेवला." त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानावर ठेवला. "तुझी आई ही काय, हाताच्या अंतरावर बसलीय. आन् जागी हाय."

मी डोळे उघडले. दुसरं करणार काय! अंजूचे हात अजून कीबोर्डवर होते. स्क्रीनवर तिची गाडी कठड्याला आपटून आडवी पडली होती.

"बोल," हमीदभाई म्हणाले आणि पाठ फिरवून सुतळी शोधायला लागले. सुतळी त्यांच्या मांडीवरच होती.

अंजू स्क्रीनकडं बघतच बोलली. "माझी कॉट दाराच्या मागं होती. कुणीही आत आलं की दार कॉटला लागायचं. मी दोन वर्षं पाय पोटाशी घेऊन झोपले. आता पेपर समोर आला तरी मी पाय वर ओढून घेते. मला नाही जायचं."

आता आई म्हणून मी काय म्हणावं? मी म्हणाले, "कॉटचं काय सांगतेस? मार्कांचं बोल."

मी हे लिहिताना माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते, पण दात आता मोजकेच राहिलेत.

हमीदभाईंनी मशीन वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलं, गाठ मारली. निघताना मी विचारलं, "पास ना हा?" ते म्हणाले, "साडेचारशे पळतो." बस्स.

शनिवारी सकाळी अंजूनं स्वतःच बॅग भरली. ठरलं म्हणजे ठरलं. बापावर गेलीय, शब्दाची पक्की. साडेअकराची बस. ती मैत्रिणीला भेटायला गेली आणि मी एकटी त्या मशीनसमोर बसले. माझ्या डोक्यात कालपासून किडा वळवळत होता. साडेचारशेवर बोट बारापर्यंत टिकतं, मग आणखी का नाही? बोर्डावर पुढचा आकडा एकशे बारा आहे, हे मी पाच दिवसांत बघून ठेवलं होतं. एकशे बारा गुणिले साडेचार, पाचशे चार. पाचशेच्या वर! लातूरला कुणी नव्वदवर थांबतं का? मी हमीदभाई दाबायचे ती बटणं दाबली, आकडा बदलला, ठीक म्हटलं.

स्क्रीन काळी. नुसता पंखा फिरतोय. बंद केलं, चालू केलं. काळी. देवाचं नाव घेऊन पुन्हा केलं. काळी.

मी गणित शिकवणारी, केंद्रावर सुपरवायझर म्हणून जाणारी बाई, ते धूड मांडीवर घेऊन ऑटोत बसले. प्रत्येक खड्ड्याला "हळू रे बाबा" म्हणत इतवाऱ्यात पोचले. बोळात तिरकी होऊन आत शिरले.

हमीदभाईंनी माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. "कितीवर नेला?"

"पाचशे चार."

"कशापायी?"

"जातो का बघायला."

ते इतके हसले, की चष्म्याची तार सुटली. मग त्यांनी बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून फळीवर ठेवला. "आता थांबायचं. त्याला सांगितलेलं सगळं विसरू द्यायचं."

"जळला का?"

"थांबा."

थांबणं मला कधी जमलं नाही. मी बोलायला लागले. "तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळलंय हमीदभाई. अंजूचंही या दाण्यासारखंच आहे. जास्तीचं मी मागून राहिले. असंच ना?" मला वाटलं, मी फार मोठं बोलले. डोळ्यांत पाणीबिणी आणायची तयारी होती.

हमीदभाई एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं त्या एकाच वेळी पाहिलं. "पोरगी हाय ती, बाई! तिची बरोबरी प्रोसेसरशी काय म्हणून लावता? हा जळला तर सातवा बसवतो मी." मग आवाज उतरवून म्हणाले, "काल ती तुमच्याशी बोलली. काय बोलली?"

"कॉटचं काहीतरी."

"काय, कॉटचं?"

मला पंचविसापर्यंतचे पाढे उलटे येतात. दहा वर्षांपूर्वीच्या मुलांचे मार्क तोंडपाठ आहेत. आणि माझ्याच पोरीनं आदल्या दिवशी माझ्या हाताच्या अंतरावर सांगितलेलं मला आठवेना. दार होतं. पाय होते. पुढचं मी ऐकलंच नव्हतं. मार्कांचं कधी निघतंय याची वाट बघत होते.

हमीदभाईंनी सेल परत बसवला. बटण दाबलं. स्क्रीन उजळली, कोपऱ्यात तीनशेचा आकडा. जळला नव्हता.

"साडेचारशे करून द्या ना."

"न्हाई. आकडा तिला ठाव हाय. पाहिजे तर ती करंल."

घरी आले तेव्हा अंजू पायरीवर बॅग घेऊन बसली होती. साडेअकराची गेली होती. "एकची आहे," ती घड्याळाकडं बघत म्हणाली. "पाचच्या आत पोचते."

मी मशीन खाली ठेवलं, पायरीवर तिच्या शेजारी टेकले आणि विचारलं, "कॉट कुठं होती म्हणालीस?"

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. बाई पुन्हा काही परीक्षा घेतायत का, अशा नजरेनं. मग सांगायला लागली. कॉटचं सांगितलं, दाराचं, त्या चिरेचं, शेजारच्या मुलीचं, जी पाठांतर करताना भिंतीशी बोलायची. मधे मला तीनदा काहीतरी म्हणावंसं वाटलं. तिन्ही वेळा मी पदराचं टोक तोंडात धरलं. एकची बस गेली. आम्ही उठलो तेव्हा ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं होतं.

पुढचं चरित्र नको. अंजू नांदेडलाच बी. एस्सी. झाली, नोकरीला लागली आणि ईशाची आई तीच, एवढं पुरे. माझी मात्र एक नाराजी होती. ती मला सोडून हमीदभाईंशी जास्त बोलायची. कॉलेज सुटलं की बोळात. मी विचारलं तर दोन वाक्यं, तिकडं दोन तास.

हमीदभाईंचं शेवटचं दर्शन नांदेड स्टेशनवर झालं. अंजूच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ती माहेरी आली होती आणि कुणीतरी सांगितलं, की हमीदभाईंना मुलाकडं हैदराबादला नेतायत, कायमचं. आम्ही धावत गेलो. ते खिडकीशी बसले होते. दाढी आता पांढरी, मेंदी सुटलेली. मला त्यांनी ओळखलं नाही. "नमस्ते," म्हणाले, कुठल्याही बाईला म्हणावं तसं. मग मागून अंजू पुढं झाली आणि त्यांचा चेहरा खुलला. "आली का? नवा कोणता घेतला?"

झालं. ती सुरू झाली. नवा प्रोसेसर कसा आहे, किती तापतो, तिनं कितीवर नेला आणि मग कितीवर आणला. मधेच ऑफिसातलं, सासूचं, ईशाच्या दातांचं. मी दोघांचे चहाचे कप धरून उभी. त्यांच्या मुलानं मला हळूच सांगितलं, "काकू, अब्बांना आता काहीच ऐकू येत नाही. दोन्ही कान गेले."

मी अंजूला सांगणार होते. पण गाडी हलली. ती खिडकीबरोबर चालायला लागली, मग जरा पळायलाच लागली, आणि बोलतच होती. हमीदभाई खिडकीच्या गजांना कपाळ टेकून तिच्या ओठांकडं बघत होते आणि तिच्या प्रत्येक वाक्याला, जिथं संपायचं बरोबर तिथंच, मान हलवत होते.